पायडल आणि पादत्राण

आमच्या घरीं गेल्या ज्येष्ठ महिन्यांत एक वाद उपस्थित झाला, आणि तो इतका रंगला कीं पानें वाढून झालीं तरी कोणी पाटावर बसेना. वादाचें मूळ म्हणजे एक जोडा. आमच्या नातवानें सायकलीवर बसतांना घालण्यासाठीं तो विकत आणला होता. आणि त्याच्या तळाला असलेला लोखंडी तुकडा सायकलीच्या पायडलांत कुलुपासारखा अडकून बसतो, ही वार्ता त्याच्या आजीच्या कानीं गेली होती. रिकिबींत पाय अडकून घोड्यानें स्वारास फरफटत नेल्याच्या गोष्टी तिनें माहेरीं ऐकलेल्या. "पाय यंत्राला बांधून घ्यायचा, आणि तोहि मुंबई-नाशिक रस्त्यावर? हें कोणत्या शास्त्रांत बसतें, तें अगोदर मला सांगा," असा तिनें आम्हांसच सवाल केला. आम्हीं आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें. सायकलहि पुष्कळ वापरली. पण ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें मिळवितां मिळवितां जें कळलें तें, आणि त्यांत आमच्या हातून जी चूक घडली ती, येथें सांगावी असें मनांत आहे. कारण आतां पुष्कळ घरांतील मुलें-मुली ह्या नादास लागलीं आहेत, आणि वडील मंडळींपुढें हा प्रश्न आज ना उद्यां यावयाचाच.

प्रथम नांवाविषयीं. इंग्रजींत ह्या पायडलास 'क्लिपलेस', म्हणजे क्लिप नसलेलें, असें म्हणतात. आणि पाहावें तों सारा खेळ अडकविण्याचाच! अलंकारशास्त्रांत विपरीत लक्षणा म्हणून सांगतात, तिचें हें उत्तम उदाहरण होईल असें आम्हांस क्षणभर वाटलें. परंतु खरा प्रकार निराळा आहे. पूर्वीं शर्यतींचे स्वार पायडलाच्या पुढच्या अंगास एक पोलादी पिंजरा बसवीत. त्यांत चवडा घालून वरून चामड्याचा पट्टा आवळीत. त्या पिंजऱ्यास 'टो-क्लिप' असें नांव होतें. उतरावयाचें म्हणजे हात खालीं नेऊन पट्टा सैल करावा लागे, आणि घाईंत तें न साधल्यास स्वार सायकलीसकट आडवा होई. आजीची भीति त्या पायडलाविषयीं असती तर ती सर्वथा यथार्थ ठरली असती. नव्या पायडलानें तो पिंजरा काढून टाकला, म्हणून तें 'क्लिपलेस'. आम्ही घरांत त्यास 'खटक्याचें पायडल' म्हणतों, आणि ह्या लेखांतहि तसेंच म्हणूं. बुटाच्या तळाशीं जो तुकडा बसवितात त्यास क्लीट म्हणतात. त्याला मात्र आम्हांस चांगलासा मराठी शब्द सुचला नाहीं.

ही युक्ति मुळांत सायकलवाल्यांची नव्हे. ती बर्फावरून घसरत जाणाऱ्यांची आहे. फ्रान्समधील लुक नांवाची कंपनी स्कीच्या लांब पट्ट्यांस बूट जखडणारे खटके बनवीत असे. त्या खटक्यांचा गुण असा कीं, स्वार नीट चालला आहे तोंपर्यंत बूट सुटत नाहीं. पण पडतांना पायास पीळ बसतांच तो मोकळा होतो, एरवीं नडगीचें हाड मोडावयाचें. हीच कल्पना त्या कंपनीनें १९८४ सालीं पायडलास लावली, आणि पुढच्याच वर्षीं, १९८५ सालीं, बर्नार इनो ह्या फ्रेंच स्वारानें तीं पायडलें वापरून 'टूर द फ्रान्स' ही शर्यत पांचव्यांदा जिंकली. मग पिंजरे अडगळींत पडण्यास वेळ लागला नाहीं. १९९० च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीनें डोंगरांतल्या सायकलींसाठीं एक लहान खटका काढला. त्यास 'एसपीडी' म्हणतात. त्याची क्लीट बुटाच्या तळांतील खांचेंत लपते, म्हणून तो बूट घालून चार पावलें माणसासारखें चालतां येतें. आमच्या नातवाच्या जोड्याची वंशावळ ती ही.

कृति अगदीं सोपी. चवडा पायडलावर टेकून खालीं दाबला कीं 'खट्' असा आवाज होऊन क्लीट स्प्रिंगच्या जबड्यांत बसते. सोडवितांना पाय वर ओढावयाचा नाहीं. टांच बाहेरच्या अंगास वळवावयाची. ज्यांनीं खडावा घालून अंगणांत फेऱ्या घातल्या असतील त्यांस हें चटकन् उमजेल. अंगठा व शेजारचें बोट ह्यांनीं खुंटी धरली कीं लांकूड पायाचेंच होऊन जातें, आणि बोटें सैल केलीं कीं पाय मोकळा. फरक इतकाच कीं, खडावांचें शिक्षण लहानपणीं आपोआप होतें, आणि खटक्याचें शिक्षण मोठेपणीं पडून होतें.

आतां लाभ काय, हें पाहूं. विकणारे सांगतात कीं, पाय अडकविला म्हणजे पायडल खालीं दाबतांनाच नव्हे तर वर येतांनाहि ओढतां येतें, आणि शक्ति दुप्पट होते. हें आम्हांस ऐकतांक्षणीं पटलें होतें. पण तें खरें नाहीं. २०१६ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांतील संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. साध्या धांवण्याच्या बुटांनीं सपाट पायडलावर, त्याच बुटांनीं पिंजऱ्याच्या पायडलावर, आणि ताठ तळाच्या बुटांनीं खटक्याच्या पायडलावर, असें तिन्ही प्रकारें स्वारांस चालवावयास लावून त्यांनीं शरीराचा व्यय मोजला. संथ, सारख्या चालीनें जातांना तिन्हींत लक्षांत घेण्याजोगा फरक निघाला नाहीं. शहापुरापर्यंत कोस-सव्वा कोस रोज नोकरीस जाणाऱ्यानें केवळ श्रम वांचतील ह्या आशेनें हा खर्च करूं नये.

मग खरा लाभ कोणता? पाय जागेवरून हलत नाहीं, हा. आमच्याकडील रस्ते ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणें नको. शहापुराहून किन्हवलीवरून मुरबाडकडे जाणारी वाट घ्या, किंवा आसनगांवाहून माहुलीच्या पायथ्याकडे जाणारी. पावसाळा सरला कीं खड्डे आणि खडी ह्यांचें राज्य. अशा ठिकाणीं सायकल उसळी घेते, आणि सपाट पायडलावरचा पाय उडतो. मग पायडलाचे दांते नडगीची साल काढतात. शिवाय उभें राहून चढ चढतांना, ओल्या पायडलावर, किंवा पाय थकून बधिर झाल्यावर, चवडा आपल्या जागीं राहिला तर मन निश्चिंत राहतें. रविवारीं पहांटे रंगीबेरंगी सदऱ्यांचे स्वार आमच्या दारावरून कसाऱ्याच्या घाटाकडे जातात. तो घाट असा कीं, शेजारचा लोहमार्ग ३७ फुटांत १ फूट चढतो आणि आगगाडीस मागून आणखी एंजिनें लावून ढकलावी लागते. तेथें पायडल निसटणें कोणासहि परवडणार नाहीं.

दूरच्या प्रवासाचा तर प्रश्नच निराळा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं २०१५ सालीं 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या संघानें पुरी केली. २०१७ सालीं लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीं तीच एकेकट्यानें पुरी केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरचें तें अंतर, आणि तें दोघांनींहि बारा दिवसांच्या आंत तोडलें. एवढ्या प्रवासांत चवडा दर फेऱ्यास बोटभर सरकत राहिला तर पायाचें काय होईल, ह्याची कल्पनाच करावी. तथापि खटक्यावांचून गति नाहीं, असेंहि कोणीं समजूं नये. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल हा डोंगरउतारावरच्या शर्यतींत २००६, २००७ व २०१० सालीं जगज्जेता झाला, आणि तो सपाट पायडलाचाच भक्त. मात्र त्याच्या पायडलांस बारीक खिळे असतात, आणि बुटांचा तळ चिकट रबराचा असतो. आपल्या घरच्या चपला घालून तें साधावयाचें नाहीं.

खरेदीची कथा आतां सांगतों. नातवानें बूट एका दुकानीं घेतले आणि पायडलें दुसऱ्या दुकानीं. दुसऱ्या दुकानदारानें बूट न पाहतांच शर्यतींच्या सायकलीचीं पायडलें त्याच्या पदरांत घातलीं. घरीं येऊन पाहातों तों क्लीटला तीन भोकें आणि बुटाला दोन! येथें वाचकांनीं ही एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी: गुळगुळीत रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांस तीन मळसुत्रांची मोठी क्लीट लागते, आणि ती तळाच्या बाहेर येते, डोंगराच्या व रोजच्या वापराच्या बुटांस दोन मळसुत्रांची लहान, आंत बसणारी. दोन्हींचीं गोत्रें भिन्न. त्यांचा संबंध जुळत नाहीं. म्हणून बूट आणि पायडल एकाच वेळीं, समोरासमोर ठेवून घ्यावेत. तीन मळसुत्रांचे बूट घालून आसनगांव स्टेशनचा जिना उतरणें म्हणजे शेवाळलेल्या घाटावरून नदींत उतरण्यासारखें आहे. ज्यास सायकल स्टेशनाशीं ठेवून लोकलनें पुढें जावयाचें आहे, त्यानें त्या वाटेस जाऊंच नये. किंमती आम्ही मुद्दाम देत नाहीं. अंक वाचकांच्या हातीं पडेपर्यंत त्या शिळ्या व्हावयाच्या. एवढें मात्र म्हणतों कीं, पैसे थोडे असतील तर ते बुटांवर अधिक आणि पायडलांवर कमी खर्च करावे. साधें एसपीडी पायडलहि वर्षानुवर्षें टिकतें, पण चावणारा बूट एक दिवसहि सोसत नाहीं.

बूट निवडतांना तो सायंकाळीं घालून पाहावा, कारण दिवसभराच्या उष्म्यानें पाय थोडा फुगलेला असतो, आणि सायकल चालवितांनाहि तो फुगतो. जे मोजे घालावयाचे तेच घालून पाहावा. बोटांपुढें थोडी मोकळी जागा हवी. टांच मात्र उचलतां कामा नये. तळ ताठ हवा, कारण लवचिक तळांतून लहानशी क्लीट चवड्यास खड्यासारखी टोंचते. पण फार ताठ असेल तर माहुलीच्या पायथ्याशीं सायकल खांद्यावर घेऊन चढतांना पाय दगडावर ठरत नाहीं. शर्यतवाल्यांस अति ताठ तळ आवडतो. आम्हांस विचाराल तर खेडेगांवच्या माणसानें मधला मार्ग धरावा. नाडीच्या टोंकांची काळजी घ्यावी. तीं दात्याच्या चाकांत गेलीं तर मग क्लीटची गरजच उरत नाहीं.

आतां आमची चूक. बदलून आणलेली क्लीट बुटास बसविण्याचें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. भूमितीचा तास घेण्याची संवय. पट्टी आणि गुण्या घेऊन आम्हीं दोन्ही क्लीट बुटाच्या मध्यरेषेस अगदीं समांतर बसविल्या, आणि त्या सरळपणाचा आम्हांस अभिमानहि वाटला. नातवाचा उजवा पाय जन्मतः थोडा बाहेर वळलेला आहे, ही गोष्ट आम्हांस वीस वर्षें ठाऊक होती, पण त्या वेळीं आठवली नाहीं. तीनच आठवडे गेले. एके रात्रीं तो जेवावयास आला आणि मांडी घालण्याऐवजीं एक पाय लांब करून बसला. आजीच्या डोळ्यांतून तें सुटलें नाहीं. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, उजवा गुडघा आठ दिवस दुखत आहे, जिना उतरतां येत नाहीं, आणि आम्हांस वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. त्या रात्रीं आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं. चोवीस वर्षांच्या मुलाचा गुडघा आपल्या पट्टीनें बिघडविला, ही जाणीव साधी नव्हे.

डॉक्टरांनीं सायकल पंधरा दिवस बंद ठेवावयास सांगितलें. कारण मात्र कळलें तें आमच्या ओसरीवर पाणी पिण्यासाठीं थांबलेल्या एका प्रौढ स्वाराकडून. त्यानें नातवास ओट्याच्या कडेवर बसवून दोन्ही पाय लोंबते सोडावयास सांगितले, आणि आम्हांस दाखविलें: डावा पाय सरळ लोंबत होता, उजव्याचा चवडा बाहेर होता. "पाय जसा लोंबतो तशी क्लीट बसवा, क्लीट बसली तसा पाय वळवूं नका," असें तो म्हणाला. मग त्यानें हिशेब मांडला. मिनिटास ऐंशी फेरे धरले तर एका तासांत प्रत्येक पाय ४,८०० वेळां फिरतो. क्लीट तिरपी असेल तर गुडघ्यास ४,८०० वेळां तोच पीळ बसतो. सपाट पायडलावर पाय आपली जागा आपण शोधतो, म्हणून तेथें ही चूक दिसत नाहीं. खटक्यानें ती कायम होते. आम्हीं मान खालीं घालून पुन्हां अभ्यास आरंभिला.

ती रीत अशी. बूट पायांत असतां अंगठ्याच्या मुळाशीं जो उंच सांधा लागतो त्याची जागा बुटावर बाहेरून पेन्सिलीनें खुणावी. संस्कृतांत पायाच्या ह्या पुढील भागास प्रपद म्हणतात, आपण चवडा म्हणतों. क्लीटचा मध्य त्या सांध्याखालीं किंवा किंचित् मागें यावा. पुढें गेल्यास पोटरीवर ताण येतो. मग लोंबत्या पायाच्या वळणाप्रमाणें ती वळवून घ्यावी. अडकल्यावरहि टांच थोडी हलूं शकते, ह्या मोकळिकीस 'फ्लोट' म्हणतात. शिमानोच्या शर्यतींच्या पायडलांत पिवळी क्लीट सहा अंश हलूं देते, निळी दोन अंश, आणि तांबडी मुळींच नाहीं. घरच्या माणसानें तांबडीचा मोह धरूं नये. मळसूत्रांस थोडें ग्रीज लावून तीं घट्ट आवळावींत, पण पहिले दोन-तीन दिवस चावी खिशांत ठेवावी, कारण एका बैठकींत बरोबर जमेल असें नाहीं. नवा बूट आणि नवें पायडल मिळून पायाची उंची थोडी बदलते, म्हणून बैठकहि पाहून वरखालीं करावी. एक किरकोळ गोष्ट, पण तिच्यापायीं आमचा एक पाना वांकला: डाव्या पायडलाचे आंटे उलटे असतात. दोन्ही पायडलें सायकलीच्या पुढच्या दिशेनें फिरविलीं कीं आवळतात, हें स्मरणांत ठेवावें.

पडण्याविषयीं आतां बोललें पाहिजे, कारण आजीचा मूळ प्रश्न तोच होता. ती सांगे तसा फरफटण्याचा धोका फारसा नाहीं. जोरानें पडतांना पाय वळतो आणि खटका बहुधा सुटतो. खरा धोका थांबतांना आहे. आमचा नातू स्टेशनच्या रस्त्यावर रिक्षांच्या गर्दींत थांबला. डावा पाय त्यानें वेळेवर सोडविला. पण सायकल कलली उजवीकडे, आणि उजवा पाय अडकलेला. उभ्या उभ्या, ओंडका पडावा तसा तो रहदारीच्या अंगास पडला. मागची रिक्षा हातभर अंतरावर थांबली. कोपर सोलवटलें, एवढ्यावर निभावलें. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात; म्हणून डावा पाय अगोदर सोडवावा, आणि सोडविल्याबरोबर अंगाचा भारहि जाणूनबुजून डावीकडे टाकावा; नुसता पाय मोकळा झाला म्हणजे संपलें, असें नाहीं. थांबण्याच्या चार चाकफेऱ्या आधीं सोडवावा, थांबल्यावर नव्हे. नवशिक्यानें स्प्रिंगचा ताण अगदीं कमी ठेवावा. एसपीडीच्या पाठीशीं त्यासाठीं लहानसें मळसूत्र असतें. कोणत्याहि दिशेनें थोड्या ओढीनें सुटणारी क्लीटहि मिळते, आणि ती प्रारंभीं फार उपयोगी. आम्हीं नातवास भाताच्या कोठाराच्या भिंतीशीं उभें करून, एक हात भिंतीस, अशा शंभर वेळां टांचा वळवावयास लावल्या. पाढे पाठ केल्यावांचून गणित येत नाहीं, त्यांतला हा प्रकार. त्यानंतर खाचरांच्या बांधाशेजारच्या गवतावर.

शेवटीं घरांत जो तोडगा निघाला तो असा. आम्हीं एका अंगास सपाट आणि दुसऱ्या अंगास खटका, अशीं दुतोंडी पायडलें आणविलीं. रोज शहापुरास जातांना, महामार्ग ओलांडतांना, बाजारांत, स्टेशनाशीं, सपाट बाजू. रविवारीं मोकळ्या वाटेवर आणि चढावर खटका. अशा पायडलांचा दोष हा कीं, हवी ती बाजू वर येण्यासाठीं चवड्यानें तीं पालथीं करावीं लागतात, आणि घाईंत हटकून नको ती बाजू येते. नातू त्यावर कुरकुरला. आजीनें सांगितलें, "कुरकुर चालेल, पण गुडघा आणि कोपर पुन्हां मला दाखवायला येऊं नकोस." हा ठराव एकमतानें पास झाला. गुडघा श्रावणाच्या अखेरीस पूर्ववत् झाला, आणि गणपतींत त्यानें आरतीनंतर पंक्तींत मांडी घालून मोदक खाल्ले, तेव्हां आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला.

आमच्या भागांतील पाऊस हें ह्या सर्व सामानाचें मोठें शत्रुत्व. आषाढांत खाचरांचा चिखल क्लीटच्या खांचेंत असा बसतो कीं खटका लागतच नाहीं. म्हणून अडकविण्यापूर्वीं तळ पायडलावर दोनदां आपटावा, आणि खिशांत बाभळीची एक काडी ठेवावी. चार बाजूंनीं उघडे, नुसत्या तारांचे खटके चिखलास अधिक दाद देत नाहींत. पण त्यांवर साधी चप्पल टिकत नाहीं, म्हणून नोकरीच्या वाटेस ते कामाचे नव्हेत. क्लीटचीं मळसूत्रें महिन्यांतून एकदां सोडवून पुन्हां ग्रीज लावून बसवावींत; एका पावसाळ्यांत गंजलीं तर पुढें लोहाराशिवाय निघत नाहींत. क्लीट झिजली म्हणजे पाय अवेळीं सुटूं लागतो. तेव्हां कंजूषपणा न करितां बदलावी. भिजलेले बूट चुलीशीं किंवा कडक उन्हांत ठेवूं नयेत, तळ सुटतो. आंत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवावे, आणि बोळे दोन तासांनीं बदलावे. हे बूट ठेवण्याची जागा आमच्याकडे अद्यापि वादग्रस्त आहे. ओसरी देवघराच्या भिंतीस लागून असल्यामुळें ती वर्ज्य ठरली, पडवींत मांजर त्यांत निजतें, आणि तूर्त ते सायकलीच्याच दांड्यास, नाड्यांनीं बांधून, उलटे टांगलेले आहेत.